एका शांत पानाची भूक

१८७४ च्या जून महिन्यात चार्ल्स डार्विन यांना त्यांच्या एका मित्राने उत्तर वेल्समधून ३९ पानं पाठवली. मुद्दाम निवडलेली पानं होती ती. प्रत्येकावर काही ना काही चिकटलेलं. डार्विन यांनी एकेक पान तपासून मोजदाद केली, तेव्हा त्यांतल्या ३२ पानांवर मिळून १४२ किडे निघाले. बहुतेक बारीक माश्या. पण मुंग्या होत्या, छोटे भुंगेरे होते, अळ्या, कोळी आणि इवलाले पतंगही होते. वाऱ्याने उडून आलेली दुसऱ्या झुडपांची बारीक पानं आणि नुकतीच रुजलेली तीन चिमुकली रोपंसुद्धा त्याच चिकट्यात अडकली होती. कंबरलँडच्या डोंगरांत या वनस्पतीच्या पानांना फार किडे चिकटलेले दिसतात, असं डब्ल्यू. मार्शल नावाच्या गृहस्थांनी डार्विन यांना कळवलं होतं, आणि तिथूनच त्यांचं कुतूहल जागं झालं होतं. पुढल्या वर्षी कीटकभक्षी वनस्पतींवरचं त्यांचं पुस्तक निघालं आणि त्यात या नगण्य दिसणाऱ्या रोपट्याला एक पूर्ण प्रकरण मिळालं.

तिला इंग्रजीत बटरवर्ट म्हणतात. शास्त्रीय नाव पिंग्विक्युला व्हल्गारिस. ब्रिटनचे पावसाळी डोंगर, स्कँडिनेव्हियातले पाणथळ माळ, आल्प्समधले झिरपते कडे, रशियाचा आणि कॅनडाचा थंड प्रदेश, अशा ठिकाणी ती राहते. जिथे जमीन सदा ओली आणि माती सदा उपाशी. मातीला घट्ट बिलगून चक्राकार पसरलेली सरासरी आठ पानं, एवढाच तिचा पसारा. पान जेमतेम दीड इंच लांब आणि पाऊण इंच रुंद. रंग पिवळसर हिरवा, कडा किंचित वर वळलेल्या. बोट फिरवलं तर तुपकट लागतं. दव अजून सुकलं नसावं, असं वाटून पुढे जाणाराच जास्त.

मांसाहारी वनस्पती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर व्हीनस फ्लायट्रॅपचा खटकन मिटणारा जबडा येतो, नाहीतर मेघालयातल्या घटपर्णीचा झाकण असलेला कुंभ. त्या झाडांनी शिकारीसाठी पानाचं रूपच पालटून टाकलं आहे. पाहताक्षणी कळतं की हे प्रकरण वेगळं आहे. बटरवर्टने तसं काही केलेलं नाही. तिचं पान पानासारखंच आहे. सपाट, हिरवं, उन्हाकडे तोंड करून पडलेलं, इतर कुठल्याही पानासारखं अन्न तयार करणारं. आणि त्याच पानाच्या त्याच पृष्ठभागावर सापळाही आहे, जठरही आहे आणि आतडंही. मला या वनस्पतीचं वेड लागलं ते या एका गोष्टीमुळे. कुठलाही वेगळा अवयव न घडवता एक साधं पान प्राणी पचवू शकतं, हे कळल्यावर पान या वस्तूकडे पाहण्याची नजरच बदलते.

भिंगातून पाहिलं की ते तुपकट लागणं कुठून येतं ते दिसतं. पानाच्या वरच्या बाजूवर ग्रंथींची दाट पेरणी असते आणि त्या दोन तऱ्हेच्या असतात. पहिल्या तऱ्हेच्या ग्रंथीला देठ असतो. हा देठ म्हणजे एकच लांबट पेशी, आणि तिच्या टोकावर मध्यापासून कडेकडे विभागलेल्या सोळाएक पेशींचं गोल, चपटं डोकं. या डोक्यावर चिकट द्रवाचा एक स्वच्छ थेंब कायम उभा असतो. उन्हात तो चमकतो. पाण्याच्या शोधात फिरणाऱ्या चिलटाला त्यात काय दिसत असेल ते दिसो, पण ते तिथे उतरतं.

दुसऱ्या तऱ्हेच्या ग्रंथींना देठ जवळजवळ नाहीच. त्या पानाच्या त्वचेत बसवल्यासारख्या असतात, डोकं लहान, साधारण आठ पेशींचं. शिकार होईपर्यंत त्या कोरड्या असतात आणि काहीच करत नाहीत. पण त्यांच्या पेशींच्या भित्तिकांमध्ये आणि पोकळ्यांमध्ये पाचक विकरं आधीपासून भरून ठेवलेली असतात: प्रथिनं तोडणारी, आरएनए तोडणारी, फॉस्फेट सुटं करणारी. या ग्रंथींची मुळं, असं म्हणायला हरकत नाही, थेट पानाच्या शिरांपर्यंत पोचलेली असतात. ग्रंथीच्या बुडाशीच जलवाहिनीचं टोक येऊन भिडलेलं असतं. म्हणजे पाणी आणायला आणि पचलेला माल न्यायला रस्ता तयार.

आता चिलट उतरलं. पाय चिकटला. ते झटकायला गेलं तर दुसरा पाय दुसऱ्या थेंबात. पंख टेकला, तो तिसऱ्यात. प्रत्येक धडपडीसरशी नवे देठ त्याच्या अंगाला लागतात आणि डिवचलेल्या ग्रंथी आणखी द्रव सोडतात. मोठी माशी असेल तर जोर करून सुटते. बटरवर्ट मोठ्या शिकारीच्या भानगडीत पडत नाही. चिलटं, केमरं आणि मातीवर उड्या मारणारे बारीक कीटक हेच तिचं खाद्य. लहान कीटकाच्या अंगावरची श्वासाची छिद्रं त्या द्रवाने बुजतात आणि तो गुदमरतो. आवाज नाही, झडप नाही, पान जागचं हललेलंही नाही.

मग बिनदेठाच्या ग्रंथी कामाला लागतात. शिकारीच्या अंगातून पाझरलेल्या नायट्रोजनयुक्त पदार्थांची चाहूल लागली की या ग्रंथींमधून क्लोराइडचे कण बाहेर पडू लागतात. मीठ जिकडे जाईल तिकडे पाणी ओढलं जातं, म्हणून पानाच्या शिरांतलं पाणी ग्रंथीतून वाहत बाहेर येतं आणि वाटेत साठवलेली सगळी विकरं धुऊन नेतं. थोड्या वेळात चिलट एका उथळ डबक्यात पडलेलं असतं, आणि ते डबकं म्हणजे पाचकरस. चिलटाचं मऊ अंग त्यात विरघळतं. तो रस आपल्यातल्या सगळ्या पोषकद्रव्यांसह पुन्हा त्याच ग्रंथींतून पानात ओढला जातो. मागे राहतं ते कायटिनचं कोरडं कवच, दोन पंख, पायांच्या काड्या.

योलांडे हेस्लॉप-हॅरिसन आणि आर. बी. नॉक्स यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात किरणोत्सारी कार्बनची खूण असलेलं प्रथिन बटरवर्टच्या पानावर ठेवलं आणि ती खूण कुठे जाते याचा माग घेतला. काही तासांतच खूण पानाच्या आत पोचलेली होती आणि पुढे पानाबाहेर, वाढत्या भागांकडे निघाली होती. पचनाचा पुरावा यापेक्षा सरळ असू शकत नाही. त्याच संशोधनातून ग्रंथींच्या आयुष्याबद्दल जे कळलं ते मात्र मला या साऱ्या प्रकरणातलं सर्वांत विलक्षण वाटतं. बिनदेठाची ग्रंथी एकदाच वापरता येते. पाचकरस सोडताना तिच्या डोक्यातल्या पेशी स्वतःचीच रचना मोडून टाकतात. आतली पटलं फाटतात, आतला सगळा साठा बाहेर जातो. पेशी मरते तेव्हाच तिचं काम पूर्ण होतं. पुन्हा भरण्याची सोयच नाही. पानावरच्या ज्या भागात शिकार झाली नाही तिथल्या ग्रंथी ताज्या राहतात आणि पुढच्या चिलटाची वाट पाहतात. पण एकूण पानाचं आयुष्य मर्यादित, आणि म्हणून रोपटं सगळा उन्हाळा मधून नवी पानं काढत राहतं, जुनी बाहेर ढकलत राहतं. चक्राच्या मध्यावर भुकेली, कोवळी पानं आणि कडेला काम संपलेली, हा क्रम सतत चालू.

पान हलत नाही असं वर म्हटलं, ते पूर्ण खरं नाही. डार्विन यांनी एक कोवळं, जवळजवळ उभं पान निवडलं आणि त्याच्या फक्त एका कडेवर छोट्या माश्यांची रांग मांडली. पंधरा तासांनी पाहिलं तर तेवढीच कड आत वळून एक दशांश इंच रुंदीने माश्यांवर आली होती. समोरची कड होती तशीच. इतकी मंद हालचाल घड्याळ घेऊन बसल्याशिवाय कळणार नाही. तिचा उपयोग शिकार पकडायला होत नाही हे उघड आहे, कारण तोवर शिकार मरून गेलेली असते. कड वळली की पानाची उथळ ताटली होते, पाचकरस ओघळून जात नाही आणि पावसाच्या सरीने किडा वाहून जात नाही. शिवाय किड्याला आणखी ग्रंथींचा स्पर्श होतो. एक दिवस होतो न होतो तोच कड पुन्हा उलगडायला लागते.

डार्विन यांनी पानावर काय काय ठेवून पाहिलं नाही! मांसाचे तुकडे, अंड्यातला पांढरा बलक, कूर्चा, बिया, परागकण, आणि काचेचे कपचेसुद्धा. काचेच्या स्पर्शाने कड थोडी वळे, पण ग्रंथी आम्ल रस सोडत नसत. नायट्रोजन असलेला पदार्थ ठेवला की मात्र रस वाढे आणि आम्ल होई. डोळे नाहीत, जीभ नाही, मज्जातंतू नाहीत, तरी हे पान खाण्याजोगं आणि न खाण्याजोगं यांत फरक करत होतं.

हा फरक पान कसा करतं, याचं उत्तर शोधायला बराच काळ गेला, आणि उत्तराने एक नवीनच कोडं दाखवलं. व्हीनस फ्लायट्रॅप किंवा दवबिंदू या वनस्पतींमध्ये शिकारीचा स्पर्श झाला की विद्युत् संदेश उमटतो आणि जास्मोनेट नावाचं संप्रेरक वाढतं. हे तेच संप्रेरक, जे सुरवंटाने पान कुरतडल्यावर कुठल्याही साध्या झाडात वाढतं. म्हणजे या झाडांनी बचावाची जुनी यंत्रणा उलटी फिरवून हल्ल्यासाठी वापरली. चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमौत्स इथल्या पलात्स्की विद्यापीठातल्या संशोधकांनी बटरवर्टच्या एका संकरित जातीवर हीच तपासणी केली. ते काम २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. शिकार मिळाल्यावर पाचक विकरं वाढली, पण विद्युत् संदेश आणि जास्मोनेट यांची ती घट्ट पकड इथे दिसलीच नाही. बटरवर्ट दुसऱ्याच वाटेने त्याच मुक्कामाला पोचली होती. मांसाहार वनस्पतींमध्ये अनेकदा, स्वतंत्रपणे उत्क्रांत झाला, असं पुस्तकात वाचतो. या प्रयोगात ते पानाच्या रसायनात लिहिलेलं सापडतं. त्याच अभ्यासात तिच्या पाचकरसात आठ विकरं ओळखली गेली आणि त्यांत पिष्ट तोडणारं एक विकर होतं, जे इतर मांसाहारी वनस्पतींच्या रसात आढळलं नव्हतं.

पिष्ट कशाला तोडायचं? डार्विन यांना मिळालेल्या त्या पानांवर किड्यांबरोबर झुडपांची पानंही चिकटली होती, हे इथे आठवावं. त्यांनी तेव्हाच म्हणून ठेवलं होतं की ही वनस्पती काही अंशी शाकाहारीही आहे. वाऱ्यावर उडणारे परागकण तिच्या पानांवर पावडरीसारखे बसतात, आणि परागकण म्हणजे प्रथिनांचा आणि फॉस्फरसचा गच्च भरलेला साठा. कित्येक जातींत पिष्टाचाही. बटरवर्ट तेही पचवते. पाईनच्या रानाजवळ वाढणाऱ्या रोपाला वसंतात आकाशातूनच जेवण मिळतं.

या खटाटोपाचं कारण मातीत आहे. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण झाडाला तो तसाच घेता येत नाही. तो मातीतून, योग्य रूपात यावा लागतो. दलदलीच्या किंवा सदा धुपणाऱ्या जमिनीत तो जवळजवळ नसतोच, फॉस्फरसचीही तीच गत. बटरवर्टची मुळं म्हणाल तर आखूड, मोजकी आणि दुबळी. ऊर्जा आणि कार्बन ती उन्हातून आणि हवेतून घेते, त्यासाठी तिला किडे लागत नाहीत. किडे लागतात ते नायट्रोजन-फॉस्फरससाठी. यातही एक वळण आहे. स्वीडनमधल्या संशोधकांनी प्रयोग करून दाखवलं की किडे मिळालेली रोपं मुळांवाटेही जास्त पोषण शोषून घेतात. वर खायला मिळालं की खालची मुळं आळसावतील असं वाटावं, तर ती अधिक जोमाने कामाला लागतात.

याची किंमत तिला पाण्याच्या रूपात मोजावी लागते. इतर पानांवर मेणचट आवरण असतं, पाणी आत राखणारं. ग्रंथीतून रस बाहेर जायचा आणि आत यायचा तर त्या जागी आवरण अखंड ठेवता येत नाही. हजारो ग्रंथी म्हणजे आवरणाला हजारो खिडक्या. कोरड्या हवेत असं पान टिकणार नाही. बटरवर्ट ओल सोडून जात नाही, याचं कारण तिच्या जठरातच आहे.

थंडी आली की ही वनस्पती जे करते ते मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं. शरद ऋतूत सगळी पानं सुकून जातात. मध्यावर एक घट्ट कळी तयार होते, खवल्यासारख्या जाड पानांची, जेमतेम सेंटिमीटरभर. मग मुळंही कुजून तुटतात. उरते ती फक्त कळी, मुळाविना, मातीवर सुटी पडलेली. बर्फाखाली ती तशीच महिनोन्‌महिने राहते. तिच्या बुडाशी आणखी छोट्या छोट्या कळ्या लागलेल्या असतात, आणि वसंतात बर्फ वितळून पाणी धावायला लागलं की त्या वाहत दुसरीकडे जाऊन रुजतात. मूळ कळीही नव्याने मुळं काढते. ज्याच्याबद्दल आपण जागचं हलत नाही असं गृहीत धरतो, ते झाड इथे अक्षरशः नांगर तोडून बसलेलं असतं. आणि बियांपासून उगवतानाही तिची एक खोड आहे: कूळ द्विदल, पण बी रुजलं की बीजदल एकच.

मे ते जुलै या काळात पानांच्या मध्यातून उंच, बारीक दांडा निघतो आणि त्याच्या टोकाला एकच जांभळं फूल झुलतं. दोन ओठ, वरच्याला दोन पाकळ्या, खालच्याला तीन. मागे मधाची निमुळती नळी. आत पुंकेसर दोनच. कुक्षीची एक रुंद पाळी पुंकेसरांवर झाकणासारखी येते. आत शिरणाऱ्या कीटकाच्या पाठीवरचे परागकण आधी तिला लागतात, मग तो पुढे जातो, परततानाच नवे पराग घेतो. दांड्याची उंची मला फार सुज्ञ वाटते. खाली पानांवर मृत्यू, वर फुलात मध. ज्या मधमाशीने आपलं परागण करायचं तीच आपल्या ताटात पडू नये, एवढं अंतर मध्ये राखलेलं.

पिंग्विक्युलाच्या सुमारे शंभर जाती जगात आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट आणि एमे बाँप्लां यांनी मेक्सिकोतल्या मोरान खाणीच्या परिसरात गोळा केलेली पिंग्विक्युला मोरानेन्सिस आज जगभरच्या हौशी लोकांच्या खिडक्यांत वाढते. ऑर्किड वाढवणारे तर कुंड्यांतल्या काळ्या चिलटांचा बंदोबस्त म्हणून ती मुद्दाम शेजारी ठेवतात. मेक्सिकोत हिवाळा बर्फाचा नसून कोरडा असतो, म्हणून तिथल्या कित्येक जाती त्या काळात ग्रंथी नसलेली जाड, रसाळ पानं काढतात आणि पाऊस येईपर्यंत मांसाहार सोडून देतात. क्युबातली एक जात झाडांच्या काटक्यांवर राहते. स्पेनमधल्या सिएरा दे काझोर्लाच्या झिरपत्या चुनखडी कड्यांवरच्या जातीची तऱ्हा आणखी निराळी: तिथे शंख नसलेली एक गोगलगाय रात्री येऊन पानांवर चिकटलेले किडे पळवते. रोपाने पकडायचं आणि तिने खायचं.

उत्तर युरोपातल्या माणसांनीही या पानाशी फार जुना संबंध ठेवला आहे. नॉर्वे आणि स्वीडनमध्ये दुधात बटरवर्टची पानं घालून, किंवा पानांवरून दूध गाळून, एक घट्ट, तार धरणारं आंबट दूध करत. नॉर्वेत त्याला टेट्टेमेल्क म्हणतात. कार्ल लिनेअस १७३२ मध्ये लॅपलँडच्या प्रवासाला गेला होता आणि १७३७ च्या आपल्या ग्रंथात त्याने या दुधाची नोंद केली आहे. एकदा लागलेल्या दुधातलं चमचाभर काढून पुढच्या भांड्यात घालायचं, आपण विरजण राखतो तसंच, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या चालायचं. दुधाला तार येते ती लॅक्टिक आम्ल करणाऱ्या जीवाणूंमुळे. पानाचा वाटा त्यात नेमका किती, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत, पण डोंगरावर, थंडीत, दूध टिकवण्यासाठी या लोकांनी शेकडो वनस्पतींमधून हीच निवडली, याला मी योगायोग म्हणणार नाही. प्रथिनांवर काम करणारं पान त्यांच्या हाताला लागलं होतं.

इंग्लंडमधल्या जॉन जेरार्डच्या १५९७ च्या वनौषधी ग्रंथात यॉर्कशायरच्या शेतकरी बायका गाईंच्या चिरलेल्या सडांना या पानांचा रस लावतात, अशी नोंद आहे. बटरवर्टच्या पानातला स्राव जीवाणूंची वाढ रोखतो. शिकार पचत असताना ती सडू नये यासाठी रोपाला त्याची गरज असते. त्या बायकांचा अनुभव पोकळ नव्हता. मेंढपाळांना मात्र ही वनस्पती अपशकुनी वाटे. ती खाल्ली की मेंढ्या झिजतात असा त्यांचा समज होता. खरा दोष होता यकृतात शिरणाऱ्या चपट्या कृमीचा, जो ओल्या कुरणातल्या गोगलगायीमार्फत मेंढ्यांपर्यंत पोचतो. बटरवर्ट आणि कृमी एकाच ओलीत राहत, आणि आळ आला तो डोळ्यांना दिसणाऱ्यावर.

दक्षिण इंग्लंडच्या सखल भागातून ती आता जवळजवळ गेली आहे. पाणथळ जागांचा निचरा करून तिथे शेती झाली. खतांचा नायट्रोजन जिथे पोचतो तिथे गवत माजतं आणि जमिनीला चिकटून राहणाऱ्या या रोपट्यावर सावली धरतं. उपाशी मातीत जगायला शिकलेल्या झाडाला सुपीक मातीच मारते.

भारतात या घराण्यातली एकच जात आहे, पिंग्विक्युला अल्पाइना. उंच हिमालयात ओल्या उतारांवर तिची पांढरी, पिवळ्या ठिपक्याची फुलं दिसतात. ही जात हिवाळ्यात मुळं टाकत नाही. महाराष्ट्रात पिंग्विक्युला नाही, पण तिचं कूळ आहे, आणि ते पाहायला आपण मराठी माणसं दरवर्षी गर्दी करतो. कास पठारावर ऑगस्ट-सप्टेंबरात फुलणारी सीतेची आसवे म्हणजे यूट्रिक्युलेरिया, त्याच लेंटिब्युलेरिएसी कुळातली. या कुळाच्या वंशवृक्षात बटरवर्टची फांदी सर्वांत आधी वेगळी झाली आणि शांत, चिकट पानावर थांबली. दुसरी फांदी यूट्रिक्युलेरियापर्यंत गेली, जिच्या इवल्या फुग्यांचं दार एक मिलिसेकंदही लागू न देता उघडतं आणि पाण्यातला सूक्ष्म जीव आत खेचतं. वनस्पतींच्या सापळ्यांमध्ये यापेक्षा चपळ काही नाही. सगळ्यांत मंद शिकारी आणि सगळ्यांत चपळ शिकारी सख्ख्या नात्यातले आहेत.

पुढच्या पावसाळ्यात कासला जाल तेव्हा खिशात एक भिंग असू द्या. वाटेच्या कडेला बसून सीतेच्या आसवांचं एक फूल जवळून पाहा, न तोडता. दोन ओठ दिसतील, मागे मधाची नळी दिसेल, आत दोन पुंकेसर सापडतील. वेल्सच्या डोंगरातल्या बटरवर्टच्या फुलाचीच ठेवण. फुगे मात्र दिसणार नाहीत. ते कातळावरच्या बोटभर ओल्या मातीत असतात, शिकार तिथेच चालू असते, आणि एका पावलाच्या वजनाने ती माती दबते. म्हणून पायवाट सोडू नका.